नाडी शोधत बसू नका

पुण्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. तळजाईवाले तो पर्वतीवाल्यांना पाठवतात, पर्वतीवाले हनुमान टेकडीवाल्यांना. 'सीपीआर कधी द्यावा' असा मथळा (सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि खाली पाच सूचना. आधी मनगटाची नाडी बघा, ती लागली नाही तरच पुढे जा. घरघर चालू असेल तर श्वास आहे, छातीला हात लावू नका. प्रशिक्षण नसेल तर लांब राहा, बरगड्या मोडल्या तर पोलीस केस होते. तोंडाने श्वास देणार नसाल तर छाती दाबून उपयोग नाही. आणि एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण यातली एकही सूचना जशीच्या तशी पाळण्यासारखी नाही, आणि पहिल्या दोन पाळल्या तर वाचू शकणारा माणूस डोळ्यांदेखत जाईल.

नाडीचं आधी. समोर माणूस पडलाय, भोवती गर्दी, आपलेच हात थरथरताहेत. अशा वेळी स्वतःच्याच बोटांतले ठोके जाणवतात आणि नाडी लागली असं वाटतं. उलट नुसती चक्कर आलेल्याचं रक्तदाब उतरल्यामुळे मनगट गार लागतं आणि नाडी सापडत नाही. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००० सालीच सामान्य माणसाला नाडी बघायला सांगणं बंद केलं. आपण दोनच गोष्टी बघायच्या. खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची, "काका, ऐकू येतंय का?" उत्तर नाही, डोळे उघडत नाहीत, तर छाती-पोटाकडे बघायचं: श्वास नेहमीसारखा चालू आहे का? त्याला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. शुद्ध नाही आणि श्वास नीट नाही, तर कुणाला तरी १०८ लावायला सांगून छाती दाबायला सुरुवात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'नीट' या शब्दापाशी, म्हणजेच संदेशातल्या त्या घरघरीपाशी. हृदय अचानक बंद पडलं की पहिली काही मिनिटं बरेच जण आचके देतात. जबडा उघडतो, घोरल्यासारखा किंवा कण्हल्यासारखा आवाज येतो, मग कितीतरी सेकंद काहीच नाही, मग पुन्हा एक आचका. छाती लयीत वर-खाली होत नाही. हा श्वास नव्हे. रक्त मिळेनासं झालेल्या मेंदूच्या तळाची ती शेवटची धडपड असते. बघणारे मात्र म्हणतात, "श्वास चालू आहे, पाणी आणा," आणि हातातली मिनिटं जातात. कधी हातपाय थोडा वेळ झटके देतात, मग फिट समजून कांदा हुंगवतात, हातात किल्ल्या कोंबतात. झटके थांबल्यावर श्वास बघा. तो संथ, नियमित असेल तर कुशीवर वळवा आणि लक्ष ठेवा. आचके असतील तर दाबायला लागा.

मग द्यायचा कुणाला नाही? विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उपाशीपोटी उभं राहून चक्कर आलेल्या मुलीला नाही. तिचा श्वास नीट चालू असतो, आडवं केलं की ती मिनिटभरात डोळे उघडते. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, पण बोलतोय, अशा माणसालाही नाही. त्याला हार्ट अटॅक आला असेल, तरी हृदय चालू आहे. त्याला बसवा आणि १०८ लावा. शंका असेल तर मात्र सुरू करा. गरज नसताना दाबलं तर माणूस कण्हतो, हात ढकलतो, तेव्हा थांबायचं. त्यातून गंभीर इजा क्वचितच होते.

बरगड्या मोडतात, हे खरं आहे, वयस्करांच्या तर बऱ्याचदा. पण काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि संध्याकाळी सातला सिंहगड रस्त्यावरून रुग्णवाहिका किती मिनिटांत येईल ते तुम्हीच सांगा. बरगडी सांधते. सोसायटीच्या हॉलमध्ये पुतळ्यावर सराव होतो तेव्हा हेच भय हातांत दिसतं: कोपरं वाकलेली, छाती जेमतेम हलते. मोठ्या माणसाची छाती मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. कोपरं ताठ, वजन खांद्यांतून. दमलात की दुसऱ्याला बसवा.

केसची भीती असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३० बघा: संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला ते संरक्षण देतं. रस्ते अपघातात मदत करणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ वेगळं आलं आहे.

तोंडाने श्वास? अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं प्राणवायू शिल्लक असतो, नुसती छाती दाबली तरी चालतं. खडकवासल्यात बुडालेला किंवा लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून येत असेल त्याने श्वासही द्यावा. येत नसेल त्याने छाती तरी दाबावी.

आणि खोकण्याने हार्ट अटॅक थांबत नाही. एकटे असाल तर १०८ लावा, दाराची कडी काढा, शेजाऱ्यांना हाक मारा आणि तिथेच बसून राहा. जिना उतरू नका, स्कूटर तर काढूच नका.