बदाम राणी वर येतच नाही

गेले चार महिने आमच्या घरात बदाम राणीवरून कुरबुर चालू आहे. तिला पत्त्यांच्या कॅटच्या मधोमध खुपसायची आणि चुटकी वाजवली की ती सगळ्यात वर यायला हवी, एवढंच. माझ्याकडे ती वर सोडून कुठेही येते. सोफ्याखाली आली, चहाच्या कपात आली, एकदा बनियनमधून थेट देवघरापुढे आली.

निवृत्तीनंतर छंद हवा म्हणून हे मी ओढवून घेतलं. पहिली चलाखी डबल लिफ्ट. वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटायचे. लोकांना राणी दिसते. दोन्ही पुन्हा पालथे घालून वरचा कुठलासा पंजा मधे सारला, की राणी आपली वरच. दुसरी चलाखी करंगळीची. तिचं टोक पत्त्यांत घालून केसाएवढी फट राखायची. मग पाम, म्हणजे वरचा पत्ता तळव्यात चोरून तो हात सहज लोंबता ठेवायचा. माझ्या सहज लोंबत्या हाताकडे बघून शेजारच्या काकू हळूच विचारून गेल्या, "भाऊंना अटॅक कधी आला?" शिवाय तळव्याला घाम. पत्ता चोरता येतो, सोडवता येत नाही.

तरी हे सगळं सुटंसुटं मला जमतं. जोडायला गेलं की बोंब. एक लिफ्ट संपता संपता करंगळीने पुढची फट धरलेली हवी. पाम करताना तोंड चालू हवं, आणि नजर त्या हाताकडे चुकूनही जायला नको, कारण आपण बघतो तिकडेच लोक बघतात. माझं तोंड चाललं की करंगळी थांबते, करंगळी चालली की तोंड. पोहे कुणीही करील, जिलेबीही तळील. दोन्ही एका बशीत गुण्यागोविंदाने नांदवायला इंदूरच लागतं.

तो जगप्रसिद्ध जादूगार हूडिनी म्हणे फुशारकी मारायचा, की कुठलीही जादू तीनदा दाखवा, मी उलगडून सांगतो. 1922 साली डाय व्हर्नन नावाच्या पत्त्यांच्या जादूगाराने त्याला हाच खेळ पुनःपुन्हा दाखवला. पत्ता खाली, पत्ता वर. हूडिनीला शेवटपर्यंत थांग लागला नाही. आमची ही मात्र ओट्याशी पाठमोरी भेंडी चिरत असते आणि म्हणते, "आत्ता केलंत."

"तुला कसं कळलं?"

"लबाडी करताना तुम्ही श्वास रोखता. लग्नापासून."

शेवटी मेहुणा मला इंदूरच्या सराफ्यात घेऊन गेला. दिवसा तिथे सोनं तोलतात; रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांपुढे तळलेला गराडू कंद आणि भुट्ट्याचा कीस. आम्ही दहीबडेवाल्यासमोर उभे राहिलो. दहीबड्याचा दोना वर उडाला, थेंब न सांडता हातात परत आला. मग एकाच चिमटीत पाच मसाले, आणि त्याच चिमटीतून एकेक वेगळा भुरभुरला. कुठलं बोट काय सोडतं ते पकडायला मी तीन दोने खाल्ले. बोटं दिसलीच नाहीत. सगळा वेळ मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, कारण ते गिऱ्हाइकांशी बोलायचं थांबत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "अंकल, खा लो भिया, ठंडा क्या होगा, ठंडा ही है."

गणपतीत कॉलनीच्या विविध गुणदर्शनात माझं नाव होतं. एका चिमुरडीला बोलावलं आणि पत्त्यांबद्दल अवाक्षर न काढता दहीबड्यावर बोलत सुटलो. लिफ्ट झाली, फट झाली, पाम झाला. कॅट तिच्याकडे पिसायला दिला, परत घेतला, चुटकी वाजवली.

"बाळ, वरचा पत्ता उलट."

किलवरची सत्ती.

मांडव गप्प. राणी गेली कुठे ते मलाही आठवेना. दहीबडा संपलेला नव्हता, त्या नादात ती परत ठेवायचीच राहिली होती. मी कपाळावरचा घाम पुसला. हात खाली आला, पत्ता वरच राहिला. चिमुरडीने टाचा उंचावून तो कपाळावरून सोलून काढला आणि किंचाळली, "बदाम राणी!"

टाळ्या थांबेनात. "वन्स मोर" झालं, ते मी नम्रपणे नाकारलं.

घरी येताना ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते कपाळाचं कधी केलंत हो? मला कळलंच नाही."

"मलाही," मी म्हणालो.