बिल जमा होण्याआधीचा शेतकरी

शेतकऱ्यांचे सरकारी योजनांचे अर्ज अर्धवट राहतात, याला तुमच्या लेखात 'जागृतीचा अभाव' हे कारण दिलंय. अजिबात पटलं नाही. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा अभ्यास 2013 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला होता. माणसं तीच, पण ऊस जाण्याआधी हात आखडलेला असताना बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडली, पैसे आल्यावर सुधारली. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या वाळव्यात वेगळं काय आहे? ऊस कारखान्याला गेलाय, बिल म्हणजे उसाचे पैसे जमा नाहीत, सोसायटीचा हप्ता आणि पोरांची फी तोंडावर. अशा माणसाला सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), पासबुकाची झेरॉक्स घेऊन बोलवायचं आणि एक कागद राहिला की माघारी पाठवायचं! सातबारा सरकारकडे ऑनलाइन आहेच, पुन्हा मागू नका. आणि अर्जाची मुदत बिलं जमा झाल्यानंतरची ठेवा.