'कार्डावर २% जादा' ही पाटी आधी उतरवा

मावसभावाच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी नवी पाटी लागली आहे: 'कार्डाने पैसे दिल्यास २% जादा'. ही अक्कल आली व्यापाऱ्यांच्या ग्रुपांत फिरणाऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून. मेसेज म्हणतो: कुठलंही कार्ड घासा, बँक सांगते २ टक्के आणि कापते ५. यूपीआयवरही २,००० रुपयांपुढे १.१ टक्का जातो. रिझर्व्ह बँकेने हा खर्च गिऱ्हाइकाकडून घ्यायची मुभा दिली आहे. आणि रोख तेवढी फुकट.

मुभेचं आधी बघू, कारण नुकसान तिथेच आहे. अशी मुभा नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ डिसेंबर २०१७ चं परिपत्रक उलट सांगतं: डेबिट कार्डावरचा एमडीआर, म्हणजे बँकेचं कमिशन, दुकानदाराने गिऱ्हाइकावर टाकायचा नाही, आणि तो टाकला जात नाही हे बँकेने बघायचं. क्रेडिट कार्डासाठी मशीन घेताना सही केलेला करार काढून वाचा. जादा न आकारण्याची अट त्यात बहुधा असतेच.

आता या पाटीने काय होतं ते बघा. ५,००० रुपयांचा कुकर, गिऱ्हाईक डेबिट कार्ड देतं. त्याच परिपत्रकाप्रमाणे वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, म्हणजे इथे २० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ६० पैसे. खर्च २३.६०, आणि घेतले १००. रुपे डेबिट कार्ड असेल तर खर्च शून्य. १ जानेवारी २०२० पासून त्यावर एमडीआरच नाही. वर बिल ५,००० चं आणि मशीनची स्लिप ५,१०० ची, असे दोन कागद आपणच गिऱ्हाइकाच्या हातात देतो. त्याने आपल्या बँकेत तक्रार केली की ती फिरून आपल्या बँकेकडे येते, आणि मशीन काढून घेण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. ते १०० रुपये जीएसटीच्या हिशेबात मालाच्या किमतीतच धरले जातात, त्यामुळे त्यावरचा कर वेगळाच.

'कापते ५ टक्के' यात मात्र थोडं खरं आहे, ते मान्य करतो. पण ते ५ टक्के कमिशनाचे नसतात.

समजा, महिन्याला कार्डावर ६०,००० ची विक्री झाली. त्यात २०,००० क्रेडिट कार्डाची. क्रेडिटला रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा नाही, करारात १.८ टक्के ठरलेत असं धरू, म्हणजे ३६० रुपये. २०,००० व्हिसा-मास्टरकार्ड डेबिटची, ८० रुपये. २०,००० रुपे डेबिटची, शून्य. एमडीआर ४४०, त्यावर जीएसटी ७९.२०. मशीनचं भाडं ५०० आणि जीएसटी ९०. एकूण १,१०९.२०, म्हणजे साधारण १.८५ टक्के. यातलं निम्म्याहून जास्त नुसतं भाडं आणि त्यावरचा जीएसटी आहे.

याच दुकानात मंदीच्या महिन्यात, त्याच प्रमाणात, फक्त १५,००० ची विक्री झाली तर एमडीआर ११०, जीएसटी १९.८०, भाडं तेच ५९०. एकूण ७१९.८०, म्हणजे ४.८ टक्के. मेसेजवाल्याचे ५ टक्के बहुधा असेच आले असणार. हा खर्च गिऱ्हाइकावर २ टक्के लावून नीट होत नाही. बँकेत जाऊन भाडं कमी करून घ्या, नाहीतर करारातली मुदत बघून मशीन परत करा आणि क्यूआरवर चालवा.

एक बारकावा: २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावर बँकेच्या कमिशनाला जीएसटी माफ आहे. वरचा हिशेब सगळी बिलं त्याहून मोठी धरून केला आहे. नियमित जीएसटी भरणाऱ्याला बँकेने कापलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम त्याच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होते, पण बँकेकडे दुकानाचा जीएसटी क्रमांक नोंदलेला असेल तरच. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, ते मिळत नाही.

यूपीआयचं १.१ टक्का हे २०२३ मधलं अर्धवट ऐकलेलं. तो दर वॉलेटमधून आलेल्या २,००० वरच्या व्यवहारांचा होता, खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशांचा नव्हे. क्यूआरवर कोणी रुपे क्रेडिट कार्डातून पैसे दिले तर मात्र मोठ्या रकमेला एमडीआर लागू शकतो. रोख फुकट म्हणणाऱ्याने करंट खात्यातल्या रोख भरण्याची मोफत मर्यादा एकदा विचारावी.

महिना संपला की बँकेकडून एमडीआरचा तपशील मागवा आणि कार्डाचा प्रकार व कापलेली रक्कम हे दोन रकाने जुळवा. डेबिटच्या ओळीत ०.४० ऐवजी ०.९० दिसलं तर दुकान मोठ्या उलाढालीच्या गटात टाकलेलं आहे. मशीनचा अर्ज भरताना उलाढालीचा रकाना कोरा राहिला की असं होऊ शकतं. गेल्या आर्थिक वर्षाची जीएसटी विवरणपत्रं किंवा सीएचं पत्र जोडून शाखेत लेखी अर्ज द्या, गट बदलून मागा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.