मॉर्फिनच्या गोळ्या चोरीला गेल्या, तर संशय पेशंटवरच का?

कॅन्सरच्या पेशंटच्या मॉर्फिनच्या (अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाच्या) गोळ्या चोरीला गेल्या, तर त्याच दिवशी त्याला नव्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत. चौकशी हवी तितकी करा, पण आधी गोळी द्या. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आमच्या आत्याला तोंडाचा कॅन्सर होता. उपचारांसाठी गावाहून पुण्याला ये-जा चालायची. परतताना एसटीत चढायच्या गर्दीत तिची पिशवी कुणीतरी लांबवली. आत साडी, डबा, थोडे पैसे, फाईल आणि पुढच्या तारखेपर्यंतच्या सगळ्या गोळ्या. चोराने पैसे काढून बाकीचं बहुतेक कुठेतरी फेकूनच दिलं असेल.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. दुपारी पिशवी गेली की संध्याकाळच्या आत वेदना सुरू. त्यात रोजचं मॉर्फिन एकदम बंद झालं की घाम, उलट्या, जुलाब, जिवाची तगमग. हे व्यसन नव्हे. रोज मॉर्फिन घेणाऱ्या कुणाच्याही शरीराला त्याची सवय होते.

चौकीत आतोबांना उत्तर मिळालं, "गोळ्यांची कसली तक्रार काका? गहाळ म्हणून लिहून देतो." हॉस्पिटलच्या खिडकीवर ऐकावं लागलं, "आत्ता तर नेल्यात, लगेच परत कशा?" मागे रांग उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. ज्याची बायको वेदनेने तळमळतेय, त्या माणसाने आपण गोळ्या विकल्या नाहीत हे सिद्ध कसं करायचं? दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः लक्ष घातलं, तेव्हा गोळ्या मिळाल्या. मधली रात्र आत्याने कशी काढली ते मी इथे लिहिणार नाही.

खिडकीवरच्या माणसावर माझा राग नाही. त्याला रजिस्टरमध्ये गोळीन् गोळीचा हिशोब द्यावा लागतो. ही भीती १९८५ च्या एनडीपीएस कायद्यापासूनची, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यापासूनची आहे. त्या कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीमुळे अनेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि देशातला त्याचा वापर कमालीचा घसरला. वेदनाशमनाचं काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी औषधं 'अत्यावश्यक' गटात आली, देशभर एकसारखे नियम झाले, मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. पण कागदावरचा बदल खिडकीपर्यंत पोचायला वेळ लागतो. आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी इथल्या पेशंटला मॉर्फिनसाठी हात जोडावे लागतात, याची मला चीड येते.

गैरवापर होतो, हे मला मान्य आहे. नशेसाठी गोळ्या विकणारे आहेत, तेव्हा नोंदी हव्यातच. पण ज्याची फाईल, बायोप्सीचा रिपोर्ट, डोसचा सगळा इतिहास त्याच हॉस्पिटलात पडलेला आहे, त्याची खात्री करायला किती वेळ लागतो? महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायची भीती वाटते ना, मग तीन दिवसांच्या द्या. तेवढ्यात पोलिसांचा कागद येईल, डॉक्टर पेशंटला पुन्हा तपासतील. अशी तातडीची सोय प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेत असावी आणि ती खिडकीवर मराठीत लिहून लावलेली असावी.

हे फक्त मॉर्फिनपुरतं नाही. फिट्ससाठी रोज क्लोनाझेपाम घेणाऱ्याची गोळी अचानक तुटली, तर जोराची फिट येऊ शकते. ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.  एकदा औषध दिलेल्या चिठ्ठीवर, डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर, पुन्हा देता येत नाही. त्यामुळे केमिस्टशी भांडून उपयोग नाही, डॉक्टरांकडून नवी चिठ्ठीच घ्यावी लागते.

घरी असा पेशंट असेल तर चिठ्ठीचे आणि फाईलच्या पहिल्या पानाचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा. प्रवासात लागतील तेवढ्याच गोळ्या सोबत न्या, त्याही पेशंटच्या अंगावरच्या कपड्यांत किंवा कमरेच्या पाकिटात. चोरी झाली तर 'गहाळ' अशी नोंद मान्य करू नका, चोरीचीच तक्रार द्या आणि त्यात औषधाचं नाव आणि गोळ्यांची संख्या लिहायला लावा. हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दखलपात्र गुन्ह्यासाठी (ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात) कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही एफआयआर, नोंदवायची तरतूद आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. पण कागदासाठी पेशंटला ताटकळत ठेवू नका. एकाने ठाण्यात थांबावं, दुसऱ्याने थेट हॉस्पिटल गाठावं.

मित्रयादीत डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट बरेच आहेत. तुमच्याकडे गोळ्या चोरीला गेलेला पेशंट आला तर तुम्ही नेमकं काय करता, ते खाली लिहा. चांगली पद्धत असेल तर आम्ही ती आमच्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांपर्यंत नेऊ.