फुकट, पण कोणासाठी?
व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं विकतचं सॉफ्टवेअर) सोडून कुठे जायचं, यावरच्या लेखात ओपनस्टॅक, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर क्लाउड उभारायचं मुक्त सॉफ्टवेअर, ‘फुकट’ म्हटलंय, ते अर्धंच खरं. परवान्याचे पैसे वाचतात, पण नोव्हा (आभासी संगणक), न्यूट्रॉन (नेटवर्क), सिंडर (स्टोरेज), कीस्टोन (लॉगिन आणि परवानग्या) हे त्याचे सगळे भाग जुळवून चालते ठेवायला जाणकार माणसं लागतात. शिवाय दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, तो ताप वेगळाच. २०१० साली नासा आणि रॅकस्पेसने मिळून सुरू केलेला हा प्रकल्प सर्नसारख्या (युरोपातली अणुकण-संशोधन प्रयोगशाळा) संस्थेला परवडतो. तिथे हजारो सर्व्हर आहेत आणि ते सांभाळणारी टीमही. १०-१२ सर्व्हर असलेल्या कंपनीने आधी अपाचे क्लाउडस्टॅक हे त्याच कामाचं दुसरं मुक्त सॉफ्टवेअर बघावं (लेखात त्याचा उल्लेखही नाही, हे खटकलं). त्यात सगळ्याचं नियंत्रण करणारा एक मॅनेजमेंट सर्व्हर, मागे मायएसक्यूएल डेटाबेस, बहुतेक कामं ब्राउझरमधूनच उरकतात. आणि बॅकअप कुठे ठेवायचा हे ठरल्याशिवाय व्हीएमवेअरवरून काही हलवू नका.