वीचा सेन्सर बार रिमोटकडे बघत नाही, रिमोट बारकडे बघतो

निन्टेन्डोच्या वी (Wii) या टीव्हीला जोडायच्या गेमिंग कन्सोलबद्दल एक समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे: टीव्हीजवळचा सेन्सर बार रिमोटवर नजर ठेवतो, त्याची जागा मोजतो आणि तारेतून कन्सोलला कळवतो. तिला जोडून आणखी तीन दावे येतात. बार गेला की सगळेच खेळ बंद, बारऐवजी मेणबत्त्या लावायचा उपाय ही थाप, आणि कर्सर रिमोटचं टोक जिथे रोखलंय नेमका तिथेच उमटतो. वी आता बहुतेकांकडे जुनाच असतो, आणि या समजुतीपायी दोष रिमोटमध्ये असताना लोक नवा बार घेतात. म्हणून एकेक दावा तपासू.

पहिला दावा साफ चूक आहे. साधारण 20 सेंटीमीटरच्या त्या पट्टीत मोजमाप करणारं काहीही नाही. दोन्ही टोकांना पाच-पाच इन्फ्रारेड एलईडी आहेत, बस. तारेतून फक्त वीज येते. म्हणूनच बॅटरीवर चालणारे बिनतारी बारही तितकंच काम देतात. कॅमेरा आहे रिमोटच्या पुढच्या टोकाला, काळ्या प्लास्टिकच्या आड. ते प्लास्टिक डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतं आणि इन्फ्रारेड आत सोडतं. कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम 128 × 96 पिक्सेलचा, पण त्याच चिपमधली आकडेमोड बारच्या टोकाच्या प्रत्येक तेजस्वी ठिपक्याची जागा 1024 × 768 च्या बारकाईने काढते. असे जास्तीत जास्त चार ठिपके तो एका वेळी धरतो. कन्सोलकडे चित्र जातच नाही. ब्लूटूथने सेकंदाला सुमारे शंभर वेळा ठिपक्यांचे आकडे जातात.

त्या आकड्यांतून कन्सोल तीन गोष्टी काढतो. दोन ठिपक्यांचा मध्य कुठे आहे त्यावरून रोख कळतो. ठिपके जोडणारी रेषा किती तिरपी आहे त्यावरून मनगट किती वळलंय ते कळतं. आणि त्यांच्यातल्या फटीवरून अंतर: दुप्पट लांब गेलात की फट जवळपास निम्मी होते. रिमोट उजवीकडे वळवला की ठिपके कॅमेऱ्यात डावीकडे सरकतात, म्हणून कन्सोल दिशा उलटी करून कर्सर हलवतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जॉनी ली यांनी 2007 मध्ये हेच उलटं करून दाखवलं. रिमोट टीव्हीपाशी स्थिर ठेवला, एलईडी डोक्यावर लावले, आणि डोकं हलेल तसं पडद्यावरचं दृश्य बदलत गेलं. बघण्याचं काम बारकडे असतं तर हे जमलंच नसतं.

मेणबत्त्यांचा उपायही खरा आहे. ज्योतीतून भरपूर इन्फ्रारेड निघतं आणि कॅमेऱ्याला हवे असतात फक्त दोन तेजस्वी ठिपके. दोन मेणबत्त्या बारच्या लांबीइतक्या अंतरावर लावा, कर्सर येतो. टीव्ही आणि पडद्यांपासून मात्र त्या लांबच हव्यात.

‘बार गेला की सगळे खेळ बंद’ हे अर्धवट ज्ञान आहे. कर्सर जातो, फटका जात नाही. वी स्पोर्ट्स या खेळातला टेनिसचा फटका रिमोटमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरवर चालतो. एडीएक्सएल330 नावाची ही चिप तीन अक्षांवर, किमान ±3 जीपर्यंतचा (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) प्रवेग मोजते. मात्र तिच्याकडून नको त्या अपेक्षाही केल्या जातात. हात स्थिर असताना तिला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवतं. त्यावरून रिमोट वर-खाली किती झुकलाय, कुशीवर किती कललाय हे कळतं. आडवाच धरून डावी-उजवीकडे फिरवला तर तिन्ही आकडे तसेच राहतात. प्रवेगावरून हाताची जागा काढायची तर बेरजेवर बेरीज करावी लागते आणि चूक फुगत जाते. 0.01 जी इतकी चूक दहा सेकंदांत जवळपास पाच मीटरची होते. डावी-उजवीकडचं वळणं न कळण्याची उणीव भरायला 2009 मध्ये रिमोटला जोडायचा, जायरोस्कोप असलेला मोशनप्लस आला. तो वळण्याचा वेग मोजतो, पण त्याचा शून्य सरकतो, म्हणजे रिमोट स्थिर असतानाही तो थोडं वळण दाखवू लागतो. म्हणूनच खेळ रिमोट सपाट जागी क्षणभर ठेवायला सांगतो. तेव्हा टेबल हललं तर शून्यच चुकीचा पकडला जातो आणि पुढे पडद्यावरचा हात आपोआप फिरत राहतो.

कर्सर रिमोटच्या नेमक्या रोखावर उमटतो हा दावाही टिकत नाही. रिमोट टीव्हीचा पडदा बघतच नाही, आणि टीव्ही 21 इंची आहे की 50 इंची हेही कन्सोलला ठाऊक नसतं. बार टीव्हीच्या वर आहे की खाली हे सेटिंगमध्ये तुम्हीच सांगता, बाकी सगळं अंदाजावर. म्हणून नेमबाजीच्या खेळांत पडद्यावर कर्सर दाखवतात.

या गोंधळाला एक कारण असावं. सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलसाठी 2010 मध्ये आलेल्या मूव्ह कंट्रोलरमध्ये खरोखरच टीव्हीजवळचा कॅमेरा कंट्रोलरवरचा चमकता गोळा बघतो आणि गोळ्याच्या आकारावरून अंतर काढतो. ती रचना वीच्या बरोबर उलटी आहे.

कर्सर बिघडला तर आधी कन्सोल चालू करून बार फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहा. बऱ्याच फोनमध्ये दोन्ही टोकांना जांभळट उजेड दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर सहसा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे तिथे अंधार दिसला म्हणून बार बाद समजू नका. मग वी सेटिंग्जमध्ये सेन्सर बार, तिथून सेन्सिटिव्हिटी उघडा. रिमोटला जे दिसतं तेच ठिपके तिथे दिसतात. दोनपेक्षा जास्त असतील तर खिडकीतलं ऊन, हॅलोजन दिवा किंवा काचेतलं प्रतिबिंब शोधा आणि सेन्सिटिव्हिटी कमी करा. एकच असेल तर तुम्ही फार जवळ आहात किंवा बारची एक बाजू गेली आहे. फोनमध्ये उजेड आहे पण इथे ठिपका नाही, तर दुसरा रिमोट लावून बघा. त्याला ठिपके दिसले तर दोष पहिल्या रिमोटच्या कॅमेऱ्यात आहे.