लातूरच्या माणसाला पाण्यावरून टोमणा मारणाऱ्या पुणेकरांना

आज सकाळी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली आणि तिथे ऐकलेले एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. सभेत मी उठून बोललो, पण हिशेबाचे आणि रंगकामाचे विषय बाकी असल्याने मला थांबवण्यात आले. तेव्हा जे बोलायचे राहिले ते इथे लिहितो आहे.

आम्ही सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीत राहतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई मूळच्या लातूरच्या. नवरा-बायको दोघेही इथे नोकरी करतात, कर्ज काढून घर घेतले आहे, मिळकतकर वेळच्या वेळी भरतात. त्यांचे सासरे मध्यंतरी संध्याकाळी दूध आणायला गेले असताना रस्त्याच्या कडेच्या फुटलेल्या चेंबरमध्ये पाय अडकून पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. पदपथ नसल्यामुळे ते रस्त्याच्या कडेनेच चालत होते. ताईंनी सभेत एवढेच सुचवले, की सोसायटीच्या वतीने महापालिकेकडे पदपथासाठी रीतसर अर्ज द्यावा आणि त्यातच उन्हाळ्यात टँकरवर होणाऱ्या खर्चाचाही उल्लेख करावा. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "पुण्यात हे असे असेल, असे आम्हाला वाटले नव्हते." त्यावर आमच्याकडचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, बसल्या जागेवरून म्हणाले, "अहो, तुमच्या लातूरला तर रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. इथे एवढा त्रास होत असेल तर परत जायला कोणी अडवलेले नाही." आणि माणसे हसली. चांगली शिकलेली, वाचणारी, ज्यांच्याबरोबर मी रोज सकाळी टेकडीवर जातो ती माणसे हसली.

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले, ते २०१६ च्या एप्रिलमध्ये. मांजरा धरण कोरडे पडले होते, नळाला पाणी नव्हते, पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. ज्या बाईने ते दिवस काढले, तिला टँकरचा विषय काढल्याबद्दल त्याच दिवसांची आठवण करून द्यायची, हे कुठल्या पुण्याचे वळण आहे? मी जुन्या पुण्यातल्या कसबा पेठेत वाढलो. आमच्या घरात तोंडाळ माणसांची कमतरता नव्हती, पण कोणाच्या तहानेवर कधी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

आठवणारही नाही, कारण आमच्या घराने १९६१ पाहिले होते. १२ जुलैला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आज जे पुणेकर असल्याचे मिरवतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी त्या दिवसाच्या गोष्टी सांगितल्या गेल्या असतील. पण पूर ओसरल्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. ज्या धरणातून शहराला पाणी येत होते तेच वाहून गेल्यामुळे, पुरात घर गेलेल्या माणसाला प्यायलाही पाणी उरले नाही. माझी आजी सांगायची, की हंडा घेऊन उभे राहावे लागे, आणि पाणी वाटणारा कुठून आला आहे हे कोणी विचारत नसे, पाणी घेणारा कुठल्या जातीचा आहे हेही त्या काही दिवसांत कोणी विचारले नाही. महाराष्ट्रभरातून पुण्याला मदत आली. ती पाठवणाऱ्यांपैकी कोणी म्हणाले असते का, की तुमच्या पुण्याचे धरण फुटले, आता आम्हाला काही शिकवू नका?

'परत जा' हे शब्द तर मला समजतच नाहीत. या शहरात परत न जाता राहिलेली माणसे कोण होती, हे एकदा आठवून पाहावे. पेशव्यांचे घराणे श्रीवर्धनचे. त्याच घराण्यातल्या नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून भूमिगत नळांनी गावात पाणी आणले आणि पेठांतले हौद भरले. टिळक रत्नागिरीला जन्मले, आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूला, धोंडो केशव कर्वे कोकणातल्या शेरवलीला. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. गोपाळ कृष्ण गोखले गुहागरजवळच्या कोतळूकचे, आणि ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. भीमसेन जोशी धारवाडकडचे. त्यांनी १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला आपण 'आपला सवाई' म्हणतो. ज्यांची नावे घेऊन आपण पुण्याचा मोठेपणा सांगतो, त्यांतली निम्मी माणसे काकांच्या हिशेबाने बाहेरची आहेत.

आणि ती नुसती बाहेरून येऊन राहिली नाहीत. त्यांनी या शहराला नावे ठेवली, आणि तीही तोंडावर. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा पुण्याने सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकले. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शंभराहून अधिक वर्षे ज्या शहरात हौद होते पण सगळ्यांसाठी नव्हते, त्या शहरावर यापेक्षा कडक टीका कोणती असू शकते? आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. आज त्यांच्या नावाने रस्ते आहेत, पुतळे आहेत, शाळा आहेत. पुण्याचा अभिमान म्हणून आपण जे दाखवतो, ते पुण्यावर टीका करणाऱ्यांनी उभे केले आहे, ही गोष्ट इथल्या शाळेत शिकलेल्या कोणालाही मी सांगायला नको होती.

शहर फार झपाट्याने वाढले आणि कुठल्याही यंत्रणेला ते पेलणे अवघड होते, हे मला मान्य आहे. पण ते लातूरच्या माणसांमुळे वाढले असे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे, की २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत घेण्याचा निर्णय कोणी केला, आणि घेतल्यावर त्या गावांना पाणी कधी द्यायचे ठरले होते. धायरी त्या पहिल्या यादीतली. कर शहराचा आणि पाणी टँकरचे, अशी स्थिती आजही अनेक सोसायट्यांत आहे. ज्यांना काका 'इथे निदान नळाला पाणी येते' म्हणून ऐकवू शकतील, अशी घरे आमच्या रस्त्यावर मोजकीच निघतील. खुद्द काकांच्या घरी येणारे पाणी एप्रिल-मे महिन्यांत टँकरचेच असते.

२०२५ च्या जानेवारीत याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या भागात, गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. चालती-बोलती माणसे लुळी पडली, काही दगावली, आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी असलेल्या वस्त्यांत शुद्ध पाणी पोचलेले नव्हते. त्या दिवसांत आम्ही सगळे पाणी उकळून पीत होतो, लातूरचेही आणि कसब्यातलेही. ती साथ ज्या महिन्यात आली, त्या महिन्यात अभिमानाच्या गप्पा कोणी मारल्या नाहीत. वर्ष उलटताच त्या पुन्हा सुरू झाल्या.

तुलना करायचीच असेल तर मी तुलनेच्या विरुद्ध नाही. माझी थोरली बहीण इंदूरला असते, त्यामुळे ते शहर मी वर्षानुवर्षे जवळून पाहतो आहे. २०१७ पासून स्वच्छतेत त्या शहराने पहिला क्रमांक सोडलेला नाही, आणि ते तिथे गेल्यावर दिसते. पण २०२५ च्या अखेरीस त्याच इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाला दूषित पाणी आले आणि माणसे मेली. ती बातमी आली त्या दिवशी आपल्याकडच्या एका गटावर जो आनंद दिसला, तो वाचून मला मळमळले. 'घ्या तुमचे स्वच्छ शहर', असे लिहिले होते एकाने. मेलेल्यांत तान्हे मूलही होते! ज्यांच्या स्वतःच्या रस्त्यावर वर्षभरापूर्वी हेच घडले, त्यांनी इंदूरला विचारायला हवे होते, की तुमची जलवाहिनी कुठे फुटली, सांडपाणी तिच्यात कसे शिरले, आणि आमच्याकडे तसे कुठे होऊ शकते हे आम्ही कसे शोधावे. तसे विचारणारा एकही संदेश मला दिसला नाही.

सुरतेचेही उदाहरण आपल्या पिढीने पाहिलेले आहे. १९९४ साली प्लेगच्या भीतीने लाखो माणसे ते शहर सोडून पळाली आणि देशभर त्याची नाचक्की झाली. नंतर एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, अधिकारी रोज सकाळी कार्यालयाऐवजी वस्त्यांत जाऊ लागले, आणि दोन-तीन वर्षांत त्या शहराचे रूप बदलले. सुरतेच्या लोकांनी तेव्हा 'मुंबईत काय कमी घाण आहे' असे म्हणून समाधान करून घेतले असते, तर ते जमले नसते. चांगला आयुक्त मिळणे हा नशिबाचाही भाग असतो, तेवढे मी सोडून देतो.

आता मी जरा शांत झालो आहे, म्हणून पुण्याविषयी चांगलेही लिहितो, कारण माझे या शहरावर प्रेम आहे आणि ते मला सिद्ध करावे लागू नये. कचरावेचक बायकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, इथे १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि गेली कित्येक वर्षे त्या बायका दारोदार जाऊन ओला-सुका कचरा गोळा करतात. इंदूरकडे गाड्या आहेत, यंत्रे आहेत, पण कचरा वेचणाऱ्या बाईला तिच्या कामाची मालकीण करणारी अशी संस्था पुण्याने उभी केली, याचा मला खराखुरा अभिमान आहे. बहिणीलाही मी ते दर वेळी सांगतो. आणि त्या बायकांतल्या कित्येकींची घरे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातले आणि सोलापूरकडचे गाव सोडून इथे आलेली आहेत. पाणी नव्हते म्हणून आलेली माणसे! सभेत हसलेल्या प्रत्येकाचा कचरा आज सकाळी त्यांनीच उचलला. सभेत ताई खाली मान घालून बसल्या तेव्हा माझ्या मनात नेमके हेच होते, पण तेवढे बोलण्यापूर्वी पुढचा विषय पुकारला गेला.

सोलापूरचे नाव आले म्हणून आणखी एक. पुण्याचे पाणी चांगले, असे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. ते पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्यातून येते. त्या धरणांखाली गावे गेली आहेत, आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचाही हक्क आहे. आपण ते वापरतो आणि सांडपाण्याचा मोठा भाग पुरती प्रक्रिया न करता मुळा-मुठेत सोडतो. ते भीमेतून उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. उद्या सोलापूरचा कोणी आमच्या सभेत येऊन पुण्याला नावे ठेवू लागला, तर त्याला 'तुमच्या सोलापुरात काय आहे' असे विचारण्याआधी आपण खाली बघावे, असे मला वाटते.

बाहेरून येऊन नुसती नाके मुरडणारी, मत द्यायच्या दिवशी सहलीला जाणारी माणसेही आहेत, हे नाकारत नाही. पण ताई तशा नाहीत, आणि तशा असत्या तरी फुटलेले चेंबर फुटलेलेच राहिले असते. त्यांच्या सासऱ्यांचे मोडलेले हाड पुणेकराचे की लातूरकराचे, हे हाडे जोडणाऱ्या डॉक्टरांनी विचारले नव्हते. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाला, त्याचे फोटो आपण सर्वांनी टाकले. त्या पुलावरून गाडी जाते. म्हातारा माणूस दूध आणायला पुलावरून जात नाही. त्याच्यासाठी हातभर रुंदीची, सलग, चेंबरची झाकणे शाबूत असलेली वाट लागते, आणि ती मागणे म्हणजे शहराचा अपमान करणे आहे, असे मानणाऱ्या माणसांशी मला वाद घालायचा आहे, आज सभेत घातला त्यापेक्षा मोठ्याने.

२०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे गाऱ्हाणे ऐकायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता आणि आपण कोणाकडे जायचे हेच कळत नसे. आता निवडणूक झाली आहे, नगरसेवक आहेत, त्यांची कार्यालये थाटली आहेत. पदपथ आणि पाणी या दोनच विषयांचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. पाण्याच्या भागात, आपल्या भागासाठी चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेतली कोणती टाकी आणि कोणती वाहिनी मंजूर आहे, काम कुठवर आले आहे आणि ते कोणत्या महिन्यात पूर्ण होणार, एवढे लेखी मागितले आहे. पदपथाच्या भागात रस्त्याची मंजूर रुंदी, अतिक्रमणे आणि झाकणे नसलेल्या चेंबरचे फोटो जोडले आहेत. धायरी, नऱ्हे, वडगाव या भागांतल्या ज्या सोसायट्यांना त्यावर सह्या करायच्या असतील त्यांनी मला निरोप द्यावा. सही करणाऱ्याचे गाव कोणते, असा रकाना अर्जात नाही.